बारा ताताम्यांची तालीम: जुजुत्सूतून ज्युदो कसा घडला, एक प्रकरण अभ्यास

१८८२ साली टोकियोच्या शितया भागातल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात एका एकवीस वर्षांच्या मास्तराने काही खोल्या भाड्याने घेतल्या. त्यातली एक, बारा ताताम्यांची (तातामी म्हणजे जमिनीवर अंथरायची जाड गवती चटई), म्हणजे साधारण दोनशे चौरस फुटांची, त्याने झुंजीच्या सरावासाठी मोकळी ठेवली. तालमीला नाव दिलं कोदोकान. पहिल्या वर्षी नऊ विद्यार्थी आले. मास्तराचं नाव कानो जिगोरो.

तेव्हा जपानात जुजुत्सूची, म्हणजे निःशस्त्र झुंजीच्या जुन्या विद्येची, कितीतरी घराणी नांदत होती. काहींच्या पाठीशी दोन-अडीचशे वर्षांची परंपरा होती, हस्तलिखित गुंडाळ्या होत्या, नावाजलेले वस्ताद होते. चिबाकडच्या तोत्सुका घराण्याचा तर दबदबाच होता. तरी १९११ साली जपानच्या माध्यमिक शाळांत विषय म्हणून शिकवायला परवानगी मिळाली ती तलवारबाजीला आणि जुजुत्सूला, आणि जुजुत्सू म्हणून वर्गात शिरला तो कानोचा ज्युदो. जुन्या घराण्यांपैकी एकाचंही नाव त्यात नव्हतं. असं का झालं, हा या प्रकरणाचा प्रश्न.

नेहमी दिलं जाणारं उत्तर सोपं आहे: पोलीस खात्याने भरवलेल्या सामन्यांत कोदोकानच्या पोरांनी सगळ्यांना लोळवलं, म्हणून. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. माझ्या मते निकाल लागला तो आधीच, कानोने जुन्या विद्येतलं काय सरावात ठेवायचं आणि काय बाजूला काढायचं हे ठरवलं तेव्हा. आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं ते शिक्षण खात्याच्या दालनांत.

वस्तादांचे वाईट दिवस

जुजुत्सू ही सामुराईंची दुय्यम विद्या. हातात शस्त्र नसताना, किंवा शस्त्र उपसायला जागा नसताना, समोरच्याला पाडायचं, पकडायचं, मोडायचं. दाइम्यो सरदारांच्या पदरी असे शिक्षक असत आणि त्यांना धान्याच्या रूपात तनखा मिळे. १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर हे सगळं कोसळलं. १८७१ मध्ये सरदारांच्या जहागिऱ्या खालसा झाल्या, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली. पोटासाठी कोणी तलवारबाजीचे तिकीट लावून खेळ करू लागले. साकाकिबारा केन्किची या नामवंत तलवारबाजाने १८७३ मध्ये तसे प्रयोग सुरू केले होते. जुजुत्सूवाल्यांना एक उपजत धंदा होता: हाडं बसवणं. सांधा कसा निखळतो हे ज्याला ठाऊक, त्याला तो बसवताही येतो.

याच धाग्याने कानो आपल्या गुरूपर्यंत पोचला. तो मूळचा आजच्या कोबेजवळच्या मिकागे गावचा. घराणं साके गाळणाऱ्यांचं, वडील जहाज वाहतुकीच्या कामात आणि सरकारदरबारी वजन असलेले. आई गेल्यावर तो टोकियोला आला. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत हुशार होता, पण उंची जेमतेम पाच फूट दोन इंच आणि अंगाने काटकुळा. वसतिगृहातली दांडगी पोरं त्याला बडवत. जुजुत्सूने लहान माणूस मोठ्याला पाडू शकतो हे त्याने ऐकलं होतं, पण घरच्या ओळखीतले जे जाणकार होते ते म्हणत, आता कशाला असलं शिकायचं? वडिलांचंही तेच मत. अखेर १८७७ मध्ये, विद्यापीठात गेल्यावर, त्याने स्वतःच शोध सुरू केला आणि तर्क असा लढवला की हाडवैद्यांना विचारावं. अशाच एका हाडवैद्याने, यागी तेइनोसुकेने, त्याला तेन्जिन शिन्यो घराण्याच्या फुकुदा हाचिनोसुकेकडे पाठवलं. फुकुदाही हाडंच बसवायचा. शिष्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तीन वस्ताद, तीन तऱ्हा

कानोला लागोपाठ तीन वेगळ्या प्रकृतीचे गुरू मिळाले, आणि पुढचं सगळं या योगायोगातून निघालं. म्हणून इथे जरा थांबायला हवं.

फुकुदा करून दाखवणारा. एकदा त्याने कानोला पाडलं. कानोने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यासारखं विचारलं, हात कुठे होता, पाय कसा होता? फुकुदाने उत्तर न देता पुन्हा पाडलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा पाडलं. शेवटी म्हणाला, तुला शब्दांनी काय कळणार, अंगावर घेत राहा. कानोच्या अंगावर मलमाच्या पट्ट्या कायमच्याच झाल्या आणि वर्गातले मित्र हसायला लागले. मात्र ही गोष्ट त्याने आयुष्यभर सांगितली ती कौतुकाने आणि तक्रारीने, दोन्ही. ‘अंगावर घेत राहा’ हे एका शिष्याला पुरतं. चाळीस पोरांच्या वर्गाला पुरत नाही.

फुकुदाच्या तालमीत फुकुशिमा कानेकिची नावाचा एक धिप्पाड गडी होता. कानोला तो काही केल्या हलेना. कानोने आधी सुमोचे डाव शिकून पाहिले, जमलं नाही. मग वाचनालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली आणि त्यातला एक डाव उचलला: प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि फेकायचा. फुकुशिमा पडला. तो डाव आज ज्युदोत काता-गुरुमा म्हणून आहे. घराण्याच्या शुद्धतेची पर्वा न करता जिथे मिळेल तिथून डाव उचलायचा, ही खोड विशीच्या आतच लागली होती.

ऑगस्ट १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट टोकियोत आले. उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या आसुकायामातल्या घरी त्यांच्यासमोर जुजुत्सूचं प्रात्यक्षिक झालं. त्यात कानो होता. पाहुण्याला दाखवण्यापुरती तरी त्या विद्येला किंमत उरली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा वारला आणि तालमीची गुंडाळी-पोथी कानोकडे आली.

दुसरा गुरू त्याच घराण्याचा इसो मासातोमो. साठीचा, स्वतः झुंजायचा नाही, पण काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या डावांच्या जोड्या त्याच्या इतक्या नेटक्या की पाहत राहावं. तो १८८१ मध्ये गेला. तिसरा इइकुबो त्सुनेतोशी, कितो घराण्याचा. हे घराणं चिलखत घातलेल्या योद्ध्यांच्या झुंजीतून आलेलं, म्हणून ठोसे-लाथा कमी आणि तोल घालवून फेकणं जास्त. पन्नाशी उलटलेला इइकुबो रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीच्या सरावात, विशीतल्या कानोला सहज फेकायचा.

तेन्जिन शिन्योमध्ये मर्मावर आघात, गळा आवळणं, सांधे पिळणं भरपूर, कितोमध्ये फेक. एकाच घराण्यात वाढलेल्या माणसाला त्यातलं उणं दिसत नाही. कानोला दोन घराणी शेजारी ठेवून बघायला मिळाली, आणि तो विद्यापीठातून राज्यशास्त्र-अर्थशास्त्र शिकून बाहेर पडलेला होता. पुढे इइकुबोसोबतच्या सरावात त्याला उमगलं ते कुझुशी: फेकण्याआधी समोरच्याचा तोल मोडायचा. तो ढकलतोय तर ओढायचं, ओढतोय तर ढकलायचं, आणि तोल गेलेल्या क्षणी डाव टाकायचा. ते ध्यानात आल्यावर एके दिवशी गुरूला त्याला फेकता येईना आणि कानो मात्र गुरूला फेकू लागला. इइकुबोने कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

हे आधीच्या वस्तादांना माहीत नव्हतं असं मानायचं कारण नाही. त्यांच्या अंगात ते होतं. कानोने ते अंगातून काढून नियमाच्या रूपात मांडलं. ताकद वापरण्याचं एक तत्त्व सापडलं की त्याखाली शंभर डाव लावता येतात, आणि ते शिकवायला शंभर वेळा आपटून घ्यावं लागत नाही.

मंदिरातली तालीम

कोदोकान उघडलं तेव्हा कानो गाकुशुइन या सरदारपुत्रांच्या शाळेत शिकवत होता. पगार तिथून यायचा आणि तालमीत जायचा. काही शिष्य त्याच्याच घरी राहत, फी नव्हती. कपड्यालत्त्याचा खर्च भागवायला तो रात्री भाषांतरं करायचा. पहिला शिष्य तोमिता त्सुनेजिरो हा घरचाच मुलगा म्हणावा असा. मागोमाग आइझूकडचा साइगो शिरो आला, हाही बुटका.

फेकाफेकीने मंदिराची जमीन हादरायची. पूर्वजांच्या नावाच्या पाट्या फळीवरून खाली पडायच्या, फरशीखालचे वासे मोडायचे. भटजी वैतागले. कानो शिष्यांना घेऊन रात्री दिव्याच्या उजेडात फरशीखाली सरपटत जायचा आणि वासे सांधायचा. अखेर ती जागा सोडावीच लागली.

नव्या पद्धतीचा हा माणूस काही बाबतींत जुना होता, हे नोंदवायला हवं. कोदोकानमध्ये दाखल होताना पाच शपथा घ्याव्या लागत: विनाकारण सोडून जाणार नाही, तालमीला कमीपणा आणणार नाही, परवानगीशिवाय इथलं गुपित कुणाला सांगणार नाही, परवानगीशिवाय शिकवणार नाही, नियम पाळीन. सही रक्ताच्या ठशाने. म्हणजे घराण्याचं कुंपण तेच, आत मात्र पीक वेगळं. ‘ज्युदो’ हे नावही अगदी कोरं नव्हतं. जिकिशिन घराण्याने ते आधी वापरलेलं होतं.

काय ठेवलं, काय काढलं

प्रकरणाचा गाभा इथे आहे. कानोने सरावाचे दोन भाग केले. जे डाव पूर्ण जोर लावून, रोज, वेगवेगळ्या जोडीदारांशी करता येतात आणि ज्यांनी माणूस जायबंदी होत नाही ते रांदोरीत. ठोसे, लाथा, मर्मावरचे आघात, शस्त्राविरुद्धचे बचाव हे कातामध्ये, ठरलेल्या हालचालींत, जपून. सांध्यांवरचे पेच टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. बोटं, मनगट, घोटा, गुडघा बाद होत १९२५ पर्यंत झुंजीत फक्त कोपर उरला.

वरवर बघता हे विद्येचे दात काढणं झालं, आणि जुन्या घराण्यांनी तसं म्हटलंही. पण परिणाम उलटा झाला. ज्या डावाने मनगट मोडतं तो डाव पूर्ण जोराने रोज करता येत नाही. तो हळू, जोडीदाराच्या सहकार्याने, अर्धवटच करावा लागतो, आणि प्रतिकार करणाऱ्या माणसावर तो लागेल की नाही हे कधी कळतच नाही. उलट ज्याने मोकळ्या झुंजीत हजारदा फेकलंय आणि हजारदा पडलाय, त्याला खऱ्या माणसाचं वजन, घाम, घाबरणं, अडून बसणं सगळं ठाऊक असतं. यासाठीच पडायच्या तंत्रावर, उकेमीवर, कानोने नवशिक्याचे पहिले दिवस खर्च करायला लावले. पडायला न घाबरणारा मुलगा डाव टाकायलाही घाबरत नाही.

रांदोरीचा शोध कानोने लावला नाही. फुकुदा आणि इइकुबो दोघेही ती करत. त्याने तिला केंद्रात आणलं. जोडीला व्याख्यान आणि प्रश्नोत्तरं हे सरावाचे अधिकृत भाग केले, म्हणजे फुकुदाने ज्यांना उत्तर दिलं नव्हतं ते प्रश्न आता विचारायचेच होते. गुंडाळ्या देऊन वर्षानुवर्षांनी मिळणाऱ्या परवान्यांऐवजी ‘दान’ या पायऱ्या आणल्या. १८८३ मध्ये पहिला दान मिळाला तो तोमिता आणि साइगोला. पायऱ्या जवळजवळ असल्या की पोरगं टिकतं, हे शाळामास्तराला ठाऊक असतं.

पोलिसांचे सामने

आता त्या प्रसिद्ध सामन्यांकडे. १८८५ ते १८८८ या काळात मिशिमा मिचित्सुने हे टोकियो पोलिसांचे प्रमुख होते. पोलिसांना निःशस्त्र पकड शिकवायला कोणता संप्रदाय बरा, हा त्यांच्यापुढचा व्यवहारी प्रश्न. त्यातून कोदोकान आणि तोत्सुका घराणं समोरासमोर आलं. गोष्टीत हा एकच निर्णायक सामना असतो, १८८६ सालचा. कानोने स्वतः सांगितलेल्या आठवणीत मात्र काळ १८८७-८८ च्या सुमाराचा आहे: दोन्हीकडून चौदा-पंधरा जण, दोन-तीन लढती बरोबरीत, बाकी कोदोकानच्या. वर्षाचा हा गोंधळच सांगतो की सामने बरेच झाले आणि आठवणीत ते एकात एक मिसळले. साइगोचा यामा-आराशी डाव आणि त्याभोवतीच्या दंतकथा त्या मिसळणीतल्याच.

एक तपशील सहसा कोणी पुढे आणत नाही. कोदोकानचे जे चार खंदे वीर मानले जातात, साइगो, तोमिता, यामाशिता, योकोयामा, त्यांच्यातले तोमिता सोडून बाकी तिघे आधी दुसऱ्या जुजुत्सू तालमींत तयार झालेले होते. साइगो आणि योकोयामा तर तेन्जिन शिन्योच्याच इनोउए केइतारोकडून आलेले. तेव्हा नव्या पद्धतीने जुन्या पद्धतीला हरवलं असं म्हणताना जपून बोलावं. जुन्या तालमींतली तरणी, महत्त्वाकांक्षी पोरं कोदोकानकडे का ओढली गेली, हा खरा मुद्दा. आणि त्याचं उत्तर त्या मोकळ्या झुंजीत व बोलक्या मास्तरात आहे. सामन्यांनी प्रसिद्धी दिली, पोलिसांत शिक्षकांच्या जागा मिळवून दिल्या. साइगो स्वतः १८९० मध्ये कोदोकान सोडून गेला, नागासाकीला जाऊन राहिला. त्याच्यावाचून संस्थेचं काही अडलं नाही. एका वीरावर उभी असलेली तालीम असती तर अडलं असतं.

शिक्षण खात्याच्या दारात

सामन्यांच्या कथेत हरवून जाणारी एक घटना १८८४ सालची. शिक्षण मंत्रालयाने तलवारबाजी आणि जुजुत्सू शाळांत शिकवावेत का, याची चौकशी शासकीय व्यायाम संस्थेकडे सोपवली होती. अहवाल आला: फायदे पाच, तोटे नऊ. शरीराची वाढ एकांगी होते, इजा होते, जिद्दीचं रूपांतर खुनशीपणात होतं, एकाच वेळी सगळ्या वर्गाला शिकवता येत नाही. शिफारस नकाराची.

मे १८८९ मध्ये कानोने जपानी शिक्षण संस्थेसमोर ज्युदोच्या शैक्षणिक मूल्यावर व्याख्यान दिलं. शिक्षणमंत्री एनोमोतो ताकेआकी श्रोत्यांत होते. त्या व्याख्यानाची मांडणी मला त्या अहवालाला कलमवार दिलेल्या उत्तरासारखी वाटते. ज्युदोचे हेतू तीन: शरीर घडवणं, झुंज जिंकणं, चारित्र्य घडवणं. धोकादायक डाव वेगळे काढलेत, डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी सराव होतो, तत्त्व समजावून सांगता येतं. तोत्सुका घराण्याचा कोणी वस्ताद, कितीही कसलेला असला तरी, त्या व्यासपीठावर उभा राहून ही भाषा बोलू शकला नसता. त्याला बोलावलंही नसतं कोणी.

त्यानंतरचं वेगाने सांगता येतं. कानो युरोपात शिक्षणव्यवस्था पाहून आला, कुमामोतोच्या उच्च माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक झाला, आणि १८९३ पासून, मधले खंड धरून, १९२० पर्यंत टोकियोच्या उच्च अध्यापन महाविद्यालयाचा प्रमुख होता. देशभरच्या माध्यमिक शाळांचे शिक्षक तिथे घडत. एकेका पदवीधराबरोबर ज्युदो एकेका जिल्ह्यात पोचला. १८९४ मध्ये कोदोकानकडे शंभराहून अधिक ताताम्यांची जागा होती. इतकं वाढायला सामना जिंकून भागत नाही. बदलीवर जाणारे शिक्षक लागतात.

पैसा, घराणं, इंग्रजी आणि ओळखी हे सगळं कानोकडे होतं, याचा हिशोब त्याच्या चरित्रांत कमी धरला जातो. हाडं बसवून पोट भरणाऱ्या फुकुदाला हीच कल्पना सुचली असती तरी ती बारा ताताम्यांतच राहिली असती.

जे सुटलं

वजाबाकीला किंमत मोजावी लागली. कितोचा वारसा आणि शाळेच्या मैदानाची गरज यामुळे कोदोकानचा कल उभ्याने फेकण्याकडे गेला. ओकायामाकडच्या फुसेन घराण्याचा तानाबे माताएमोन जमिनीवरच्या झुंजीत पक्का होता. उभं राहून फेकण्याच्या फंदात न पडता तो समोरच्याला खाली ओढायचा आणि गळा किंवा सांधा धरायचा. कोदोकानच्या नावाजलेल्या मल्लांना त्याने जेरीस आणलं, आणि त्यांना जमिनीवरचं काम नव्याने शिकावं लागलं. १९१४ पासून क्योतोच्या शाही विद्यापीठात उच्च शाळांच्या ज्या स्पर्धा सुरू झाल्या, त्यांत तर जमिनीवरची झुंजच मुख्य झाली. इतकी की पुढे कोदोकानलाच तिच्यावर मर्यादा घालाव्या लागल्या. आघातांचं मात्र पुनरुज्जीवन झालं नाही. ते कातात ठेवले गेले आणि स्पर्धेची चटक लागलेल्या पिढ्यांनी काता बाजूला ठेवला. कानोने याबद्दल पुढे वारंवार नाराजी बोलून दाखवली, पण खेळ त्यानेच लावून दिला होता.

जुलै १९०६ मध्ये क्योतोत, १८९५ साली स्थापन झालेल्या दाइ निप्पोन बुतोकुकाइ या युद्धकला मंडळाने, साऱ्या देशासाठी सामाईक काता ठरवायला जुजुत्सूच्या ज्येष्ठांची समिती बोलावली. अध्यक्ष कानो. समितीत योशिन घराण्याचा तोत्सुका हिदेमी होता, ज्याच्या घराण्याची माणसं पोलिसांच्या सामन्यांत पडली होती. शितेन घराण्याचा होशिनो कुमोन होता. आणि कोदोकानला जमिनीवर लोळवणारा तानाबेही होता. फेकीचे, पकडीचे आणि प्रत्यक्ष बचावाचे काता कोदोकानच्या मसुद्यावरून चर्चेला घेतले गेले, दुरुस्त झाले आणि सर्वांच्या सहमतीने पक्के झाले.